हळद पुढं गेली

शामच्या अंगाला हळद लावून झाली, उरलेली स्टीलच्या डब्यात भरून झाली, डबा कोऱ्या फडक्यात बांधूनही झाला, तरी बायकांना खर्डीला न्यायची जीप काही आली नाही. जीपवाल्याला फोन लावला तेव्हा तो सरळगावच्या अलीकडं चाक काढून बसला होता आणि चाकाविषयी फार काही आशादायक बोलत नव्हता.

म्हसा गावाजवळच्या त्या लग्नघरात मग सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. नवऱ्याची उष्टी हळद नवरीच्या अंगाला लागल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही आणि हळद लागेपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जात नाही. तिकडं खर्डीला कमळूची लेक दिपाली सकाळपासून उपाशी पाटावर बसली होती. पोरीचे हाल होतील ही एक काळजी, आणि 'नवऱ्याकडची हळद वेळेवर आली नाही' हे वाक्य पाहुण्यांत फिरेल ही दुसरी. असलं वाक्य एकदा सुटलं की ते नवरीच्या नातवंडांच्या बारशापर्यंत फिरत राहतं. माणसं मरतात, वाक्यं मरत नाहीत.

"जीप कशाला पायजे?" भावेश म्हणाला. "मी नेतो गाडीवरनं. जीपचं चाक बसायच्या आत हळद खर्डीला."

भावेश हा शामचा चुलतभाऊ. भिवंडीच्या एका गोदामात कामाला, आणि घरून रोज मोटरसायकलनं जाऊन-येऊन. त्याचं बोलणं ऐकून घरातल्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, पण एक अडचण निघाली. हळद बाप्याच्या हाती द्यायची नाही, सवाष्णीनंच न्यायची, असा त्या घराचा रिवाज. दुसरा रिवाज म्हणजे डबा वाटेत कुठंही भुईला टेकवायचा नाही. मग भावेशची आई सुंदरा पुढं झाली. तिनं नऊवारीचा काष्टा सोडून गोल लुगडं नेसलेलं होतं, तेव्हा तिला एका बाजूला पाय सोडून बसणं भाग होतं. डबा मांडीवर घेऊन ती लेकाच्या मागं बसली.

"हळू ने रे," भावेशचा बाप महादू म्हणाला. "मागं तुजी आय हाय."

"बाबा, मी रोज भिवंडीला जातो."

रोज भिवंडीला जाणाऱ्या माणसाला खर्डीची वाट काय सांगायची.

आता भावेश भिवंडीला कसा जात असे, हे सांगितलं पाहिजे. कल्याण सोडलं की पुढं ट्रक, कंटेनर, टेंपो असे एकामागे एक उभे असतात आणि साधा माणूस त्यांच्यामागं उभा राहतो. भावेश उभा राहत नसे. त्याला रस्त्यावर गाड्या दिसतच नसत, त्याला गाड्यांमधल्या फटी दिसत. दोन ट्रकांच्या मधून, बस आणि रिक्षा यांच्या मधून, कधी कंटेनरच्या पोटाला खांदा घासून तो निघायचा. आरसे अडकतात म्हणून दोन्ही आरसे त्यानं काढून टाकले होते. फटीचं माप त्याच्या डोळ्यात बसलेलं होतं. हँडल गेलं की गाडी गेली, हा त्याचा एकमेव नियम आणि तो आजवर कधी चुकला नव्हता. त्याच्या मागं मग आणखी चार-सहा मोटरसायकली घुसत, कारण फटीत घुसायला कुणीतरी पहिला लागतो, आणि पहिला होण्याची भावेशला हौस होती.

सुंदराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "माजा भावेश असा जातो आन् असा येतो," असं ती गावभर सांगे. पोरगा एवढ्या लवकर पोचतो, म्हणजे भिवंडीचा रस्ता मोकळाच असणार, असा तिचा सरळ हिशोब होता.

शहापूरपर्यंत सगळं सुरळीत झालं. हायवेला लागले, थोडं पुढं गेले आणि आटगावच्या अलीकडं गाड्यांच्या रांगा लागलेल्या दिसल्या. पुलाचं काम काढलं होतं म्हणे. ट्रकवाले इंजिन बंद करून खाली उतरले होते, एकानं तर चाकाच्या सावलीत कांदा चिरायला घेतला होता. यावरून रांग किती जुनी आहे ते कळत होतं.

"थांबायला लागंल का रे?" सुंदरानं विचारलं.

"थांबतंय कोण," भावेश म्हणाला आणि त्यानं गाडी आत घातली.

डावीकडं कसाऱ्याला जाणारी यश्टी, उजवीकडं लांबलचक ट्रेलर आणि मधे एक फट. भावेशनं नजरेनं माप घेतलं. हँडल जात होतं. हँडल गेलंही. पण त्यानं आयुष्यभर फटींची मापं घेतली ती एकट्याची. मागं बाई एका अंगाला बसते तेव्हा तिचे गुडघे गाडीच्या बाहेर हातभर असतात, ही गोष्ट त्याच्या मापात कधी आलीच नव्हती. यश्टीच्या मध्यावर पोचल्यावर सुंदराचे दोन्ही गुडघे पत्र्याला जाऊन भिडले आणि गाडी थांबली. उजवं हँडल ट्रेलरच्या ताडपत्रीला टेकलं होतं. पुढं जाता येईना. मागं घ्यावी तर मागं भावेशच्या भरवशावर सात-आठ मोटरसायकली आत शिरून उभ्या.

"ओ भाऊ, चला ना," मागचा हेल्मेटवाला म्हणाला.

"आई अडकलीय."

"कुणाची?"

"माजी."

हेल्मेटवाल्यानं मान लांब करून बघितलं आणि मागच्याला सांगितलं. मागच्यानं त्याच्या मागच्याला. 'आई अडकलीय' हा निरोप रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि हॉर्न हळूहळू बंद पडले. एवढी माणुसकी अजून रस्त्यावर आहे.

यश्टीच्या खिडकीत एक बाई बसली होती. मांडीवर रिकामी टोपली. शहापूरच्या बाजारात करवंदं विकून घरी निघालेली. तिनं खाली वाकून बघितलं.

"लागलं का गो बाय?"

"लागलं नाय, रुतलंय," सुंदरा म्हणाली. बाई दिसल्यावर तिला जरा धीर आला. "तू कुठली गो?"

"खर्डीच्या पाड्यावरची. गंगी. डब्यात काय हाय एवढं जपून?"

"हळद हाय. पुतण्याची उष्टी. खर्डीला कमळूच्या दिपालीला न्यायची. पोर उपाशी बसलीय. डबा भुईला टेकवायचा नाय, म्हणून मांडीवर धरलाय."

"मग त्याला कशाला बोलतेस, गप बसलाय बिचारा," गंगी भावेशकडं बघत म्हणाली. खरं तर सुंदरा त्याला काहीच बोलली नव्हती. पण तो ज्या प्रकारे खाली मान घालून बसला होता, त्यावरून कुणालाही तसं वाटलं असतं.

एवढ्यात ट्रेलर हलला.

ट्रेलरवाला उंचावर, पुढं कुठंतरी. त्याला खाली दोन माणसं आणि एक डबा आहे याची काही खबर नव्हती. भावेशच्या मांडीएवढ्या उंचीची चाकं त्याच्या उजव्या पायाशेजारून फिरायला लागली. ताडपत्रीच्या दोरीनं हँडल ओढून धरलं. गाडी तिरकी व्हायला लागली. भावेशनं ब्रेक दाबला, पाय आत ओढला, हँडल सोडवलं आणि गाडी सरळ धरून ठेवली. मागचे सगळे एकदम ओरडले. गंगीनं खिडकीतून हात काढून ट्रेलरच्या दिशेनं टोपली हलवली, म्हणजे काय होणार होतं देव जाणे.

सुंदराला त्या क्षणी दोन्ही हात लेकाला धरायला पाहिजे होते आणि दोन्ही हातांत हळद होती.

"ही धर गो," ती म्हणाली आणि डबा तिनं खिडकीत दिला. "भुईला टेकवू नको." आणि तिनं भावेशच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली.

ट्रेलर थांबला. कुणाला काही झालं नाही. सुंदराचे डोळे मिटलेले होते आणि मिठी सुटत नव्हती. ट्रेलर थांबला हे तिला सांगायला भावेश मागं वळतो आहे तोच डावी रांग सुटली. यश्टीच्या पुढची जागा एकदम मोकळी झाली आणि इतका वेळ मेल्यासारखी पडलेली ती यश्टी, ड्रायव्हरच्या अंगात काय आलं कोण जाणे, धुरळा उडवत निघून गेली.

"खर्डीला उतरते गो," गंगीचं डोकं खिडकीतून बाहेर आलं आणि लांब गेलं. डब्याचं पिवळं झालेलं फडकं तेवढं थोडा वेळ दिसलं.

"हळद," भावेश म्हणाला. गुडघे आता मोकळे होते, समोर आणखी एक फट होती आणि यश्टी अजून फार लांब गेली नव्हती. त्यानं क्लच दाबला.

"भावेश," मागून आवाज आला. "लायनीत घे."

"आये, यश्टी गेली."

"जाऊ दे."

"हळद गेली ना त्याच्यात."

"कळलं मला. लायनीत घे. परत आत घातलीस तर इथं उतरीन आन् चालत जाईन."

सुंदरा बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. एकदा मुरबाडच्या बाजारातून ती अशीच रागानं चालत आली होती. भावेशनं गाडी डाव्या रांगेत विटांच्या एका ट्रकमागं लावली. मागच्या सात-आठ मोटरसायकली एकेक करून त्याच्या बाजूनं पुढं निघून गेल्या. हेल्मेटवाल्यानं जाताना हात केला. दुसऱ्याच्या मागं उभं राहणं म्हणजे काय असतं हे भावेशला बऱ्याच वर्षांनी कळलं. विटांची लाल धूळ त्याच्या तोंडावर येत होती आणि ट्रक बैलगाडीच्या चालीनं चालला होता.

फोन वाजला. भावेशनं गाडी बाजूला घेतली नाही, कारण बाजूला जागाच नव्हती. सुंदरानं त्याच्या खिशातून फोन काढला. पलीकडं दिपालीचा मामा विठू होता.

"हळद कुठपर्यंत आली?" त्यानं विचारलं. "पोर चक्कर येऊन पडायची पाळी आलीय. निघालात का नाय अजून?"

'आलोच, आटगाव सोडलं' असं सांग, म्हणून भावेश पुढून हातवारे करत होता. पण सुंदराला खोटं बोलणं जमत नसे. एकदा बोललेलं खोटं तिच्या लक्षात राहत नसे, म्हणून तिनं तो नादच सोडला होता.

"हळद पुढं गेली," ती म्हणाली. "आमी मागनं येतो."

"पुढं कशानं?"

"यश्टीनं. एक बाय घेऊन येते."

"बरं बरं," विठू म्हणाला आणि फोन बंद झाला.

खर्डीला काय झालं ते भावेशला नंतर कळलं. विठूनं मांडवात जाऊन सांगितलं की नवऱ्याकडच्यांची जीप बिघडली, तरी ती माणसं अडून बसली नाहीत, हळद घेऊन यश्टीनं निघाली. हे ऐकून कमळूला भरून आलं. एवढी तातडी करणारे व्याही कुणाला मिळतात. त्यानं वाजंत्री उठवली, पाच सवाष्णी घेतल्या आणि सगळी वरात यश्टीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

गंगी डबा छातीशी धरून यश्टीतून खाली उतरली आणि तिच्या तोंडासमोर ताशा वाजला. ती दोन पावलं मागं सरली. पण मागं कुठं जाणार, यश्टी निघून गेली होती. एका बाईनं तिच्यावरून तुकडा ओवाळून टाकला, दुसरीनं पायावर पाणी घातलं, तिसरीनं टोपली काढून घेतली. "मी नाय, मी पाड्यावरची," असं गंगी सांगत होती, पण ताशापुढं कुणाचं काय चालतं. लोकांना वाटलं, बाई लाजते आहे, मुरबाडकडची माणसं साधी असतात. वाजतगाजत तिला मांडवात नेली. तिच्या हातच्या डब्यातली हळद दिपालीच्या अंगाला लागली, दिपाली पाटावरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन मुकाट्यानं तीन लाडू खाल्ले.

इकडं भावेश आणि सुंदरा विटांच्या ट्रकमागून धुरळा खात आले तेव्हा सगळं पार पडलं होतं. वाटेत भावेशनं थांब्यावर गाडी उभी करून गंगीचा शोध घेतला. तिथं कुणी नव्हतं. हळद गेली, घराण्याचं नाव गेलं, असं म्हणत त्यानं मांडवाच्या दारात गाडी लावली. लाल तोंड, लाल शर्ट.

दारात नवरीचा भाऊ कान्हा उभा होता. "कुणाकडचे?"

"नवऱ्याकडचे," भावेश हळूच म्हणाला.

"नवऱ्याकडची माणसं कवाच आली," कान्हा म्हणाला. "आत जेवतात."

भावेशला काही समजेना. सुंदरा त्याला ओलांडून आत गेली. पंगतीच्या पहिल्या पानावर गंगी बसली होती. खांद्यावर नवी कोरी साडी, कपाळाला मळवट, आणि रिकामा डबा मांडीवर. भुईला टेकवू नको म्हणून सांगितलं होतं, आणि कुणी हातातून घेतला नव्हता. सुंदराला बघून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बाय, मी लय सांगितलं गो यांना," ती म्हणाली. "वाजंत्री थांबंना. ही साडी घे तुजी."

"राहू दे," सुंदरा म्हणाली. "हळद तू आणलीस, मान तुजा." आणि तिच्या शेजारी पान मांडून घेतलं.

कमळूला सगळा प्रकार कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यानं भावेशकडं बघितलं. "मग तुमाला एवढा उशीर कसा झाला? यश्टीच्या बरोबरच होतात ना?"

भावेशनं वाटेत पंक्चरची गोष्ट तयार केली होती. चांगली होती, खिळ्यासकट. त्यानं तोंड उघडलं.

"मी घाबरले," सुंदरा जेवता जेवता म्हणाली. "मीच त्याला हळू घ्यायला लावली."

पंगतीतली माणसं हसली. म्हातारी बाई गाडीला भिते, यात नवल ते काय. भावेशही हसल्यासारखं करून बसला. आईनं त्याच्यावर पांघरूण घातलं होतं, आणि ते त्याला फार जड झालं. त्यापेक्षा ती चार माणसांत बोलली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

जेवणं झाल्यावर मांडवामागं हात धुताना ती एकटी सापडली. भावेश तिच्या हातावर पाणी घालत होता.

"रोज असाच जातोस?" तिनं विचारलं.

"नाय गो. आज घाई होती म्हणून."

सुंदरानं हात पदराला पुसले. "ट्रेलर हालला तवा माजा जीव गेला," ती म्हणाली. "मी तुला घट धरलेला. तुजा हात नाय हालला, रे. छातीबी नाय धडधडली. ज्याला सवय नसती, त्याची धडधडली असती."

आई एवढंच बोलून बायकांत जाऊन बसली. संध्याकाळी ती यश्टीनं परत गेली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पंगती उठल्या, दिपाली शामच्या घरात आली. या सगळ्यात सुंदरानं फटीचं किंवा ट्रेलरचं नावही काढलं नाही. महादूलाही तिनं काही सांगितलं नाही. प्रकरण मिटलं असं भावेशनं धरलं.

सोमवारी सकाळी तो गाडी पुसून कामाला निघाला. किक मारली तेव्हा सुंदरा घरातून बाहेर आली. धुतलेलं लुगडं, पायात चपला, हातात पिशवी. ती आली आणि मागं बसली. एका बाजूला पाय सोडून.

"कुठं निघालीस?"

"भिवंडीला."

"भिवंडीला काय काम?"

"काय नाय. तुज्या मागं बसायचं."

"आये, येडी का काय? दिवसभर काय करशील तिथं?"

"बसन कुठंतरी. तू चल, उशीर होतो ना तुला?"

ओटीवर बसलेल्या महादूला वाटलं, बायकोला भिवंडी बघायची असेल. आयुष्यात कुठं गेली नाही बिचारी. "घेऊन जा रे तिला," तो म्हणाला. "बरेच दिवस सांगत होतीस ना ग, कसं हाय ते गोदाम?" सुंदरा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

त्या दिवशी कल्याणच्या पुढं भावेश प्रत्येक ट्रकच्या मागं उभा राहिला. डाव्या हाताला चांगल्या चांगल्या फटी येत होत्या आणि जात होत्या. ओळखीची पोरं बाजूनं निघून जात होती, वळून बघत होती. एका सिग्नलला आईनं पिशवीतून भाकरी काढून अर्धी त्याच्या हातात दिली, कारण तेवढा वेळ तिथं आरामात होता.

गोदामात पोचायला त्याला इतका उशीर झाला की शिफ्टचे साहेब जयराम स्वतः दारात आले. भावेश उशिरा येणं ही त्यांच्या नोकरीतली पहिलीच वेळ.

"काय रे, गाडी पडली काय?"

"नाय साहेब," भावेश जमिनीकडं बघत म्हणाला. "आई सोडायला आलीय."

जयराम साहेबांनी गेटकडं बघितलं. वॉचमननं आपली खुर्ची दिली होती आणि सुंदरा पिशवी मांडीवर घेऊन तिच्यात नीट बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरकडं ती एकेक करून बघत होती.

"मग त्या आता परत कशा जाणार?"

"जात नाय. संध्याकाळी न्यायला थांबलीय."

साहेबांनी परत एकदा गेटकडं बघितलं. "आणि उद्या?" ते म्हणाले.

"उद्यापासून डबा दोघांचा करते म्हणाली," भावेश म्हणाला आणि कामाला लागला.